नजरेची शिकवणी

सन्मती मगदूमचे डोळे सरळ झाले तेव्हा मिरजेतल्या त्या हॉस्पिटलच्या खोलीत अकरा माणसं होती आणि त्यातली दहा मोबाईलवर फोटो काढत होती. अकरावी स्वतः सन्मती. ती सहा वर्षांची होती आणि तिला घरी जाऊन झोपायचं होतं.

"बघितलं! दोन्ही डोळ्यांनी एकदम बघितलं!" काका ओरडला. हाच काका दोन महिन्यांपूर्वी एका लग्नात चार माणसांदेखत तिला म्हणाला होता, "बघतीयस कुणाकडं ते ठरव की आधी." सगळे हसले होते. सन्मतीही हसली होती, कारण कुणाकडं बघून हसायचं हे तिला नीट कळलं नव्हतं.

डोळा हलवायला सहा स्नायू असतात. त्यातला आतला स्नायू गरजेपेक्षा जास्त ओढू लागला की बुबुळ नाकाकडे सरकतं. सन्मतीचे दोन्ही डोळे आळीपाळीने सरकायचे, कधी हा, कधी तो. पूर्वी सर्जन तो स्नायू डोळ्यावरून सोडवून चार-पाच मिलिमीटर मागे शिवत. डोळे सरळ दिसत, म्हणजे बघणाऱ्याला दिसत. मुलाच्या मेंदूला मात्र एव्हाना एका डोळ्याचं चित्र बंद करून टाकायची सवय लागलेली असे, आणि डोळे सरळ झाले म्हणून मेंदू ती सवय सोडेलच असं नव्हतं. सन्मतीचे वडील अभिनंदन लहानपणी अशा दोन ऑपरेशनांतून गेले होते. त्यांचे डोळे आता सरळ होते, पण कपात चहा ओतताना अजूनही पहिली धार बशीत पडायची.

दोन हजार एक्केचाळीसच्या मे महिन्यात सन्मतीच्या डोळ्यांत बसवला तो तंतू होता. केसाहून बारीक, विजेचा हलका झटका मिळाला की आखडणारा, स्नायूंच्या कडेने विणलेला. त्याला हुकूम देणारी तांदळाच्या कणीएवढी चकती कानशिलाच्या हाडात. तंतू डोळे नुसते सरळ करत नव्हता, दोघांनी मिळून कसं बघायचं हे मेंदूला शिकवत होता. पण शिकवायला आधी त्याला स्वतःला यावं लागतं. म्हणून एक निरोगी डोळ्यांचा मोठा माणूस लागे. त्याने खास चष्मा घालून रोज दोन तास मुलासोबत बसायचं. तो जिकडे बघेल तिकडे तंतू मुलाचे डोळे नेणार. असं नव्वद दिवस. नव्वदाव्या दिवशी तंतू पक्का होतो, चकती विरघळते आणि त्यानंतर ती नजर मुलाची स्वतःची.

हॉस्पिटलच्या अर्जावर या माणसाला 'दृष्टिमार्गदर्शक' म्हटलं होतं. लोक म्हणायचे, बघणारा.

"बघणारे म्हणून आईवडीलच उत्तम," डॉक्टर हुपरीकर म्हणाल्या होत्या. त्या मृदू बोलत, त्यामुळे त्यांचं कुणी ऐकत नसे. अर्जावर 'पालक अथवा पालकांनी नेमलेली व्यक्ती' असं छापलं होतं, आणि पालकांनी नेमकं 'अथवा'च्या पुढचं वाचलं.

त्या सुट्टीत एकाच शाळेतल्या बारा मुलांना तंतू बसला होता. बारा घरांत मिळून रोजचे दोन तास कुणाकडेच नव्हते. तेव्हा सन्मतीच्या आईने, त्रिशलाने, तोडगा काढला. ती हळद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिथे ती एका वेळी बारा नमुने लावायची. एका चष्म्याला बारा मुलं जोडता येतात असं माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतंच. मग एकच उत्तम बघणारा शोधायचा आणि बारा जणांना समोर बसवायचं. म्हणजे शिकवणी लावायची. ही कल्पना मांडल्यावर सगळ्या पालकांना इतकं हायसं वाटलं, की हे पहिल्यांदा आपल्याच डोक्यात आलं होतं असं त्यातल्या सात जणांनी नंतर सांगितलं.

बघणारे सापडले ओतारी मास्तर. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट, एकटे राहणारे, चष्म्याचा नंबर नाही. चित्रकलेच्या शिक्षकाहून चांगलं कोण बघणार? हॉस्पिटलने त्यांचे डोळे तपासले, निर्दोष निघाले. सोसायटीच्या सभागृहात रोज पाच ते सात मास्तर मुलांपुढे घागर ठेवायचे, कणीस ठेवायचे, कधी खिडकीतून कबुतरं दाखवायचे. बारा मुलांचे चोवीस डोळे त्यांच्या मागे फिरायचे. दर शनिवारी मोबाईलवर जुळणीचा आकडा यायचा.

"आमचा शहाण्णव आला. तुमच्या सनूचा?" चौगुले वकीलबाई विचारायच्या.

"अठ्ठ्याण्णव."

"असं? क्लास तर तोच आहे." आणि त्या घरी जाऊन मुलाला रागवायच्या.

बासष्टाव्या दिवशी सन्मतीने ताटाची डावी बाजू सोडली.

घरात तशी पहिल्यापासून शिस्त. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. सन्मतीने भाजी संपवली, आमटी संपवली, उजव्या बाजूचा भात खाल्ला आणि म्हणाली, "संपलं."

"डावी बाजू कोण खाणार? तुझा काका?" आजी म्हणाल्या.

"संपलं की, आज्जी."

"लाडावलीय. चटणी तिखट लागती हिला." आजींनी निकाल दिला. घरात सगळ्यांना तो पटला. मुलं डावी बाजू सोडतातच, त्यात नवल नव्हतं. उलट मास्तरही हल्ली क्लासनंतर कुणाकडे जेवायला थांबले तर डावं काही खात नसत. त्यांना बहुतेक पथ्य असावं, असं बायका म्हणत. पथ्याचं मुलांनी उचललं, चांगलंच झालं.

मग सन्मती एकाच पायात चप्पल घालून दारापर्यंत गेली. मग तिने फ्रॉकच्या एकाच बाहीत हात घातला. मग ब्याऐंशीव्या दिवशी घराचं चित्र काढलं. अर्धं दार, एक खिडकी, छपराची एक उतरण, आणि सूर्य अर्धा.

"बाकीचं?" त्रिशलाने विचारलं.

"काय बाकीचं?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी त्रिशलाने टेबलावर सात वाट्या एका रांगेत मांडल्या, प्रत्येकीत चमचाभर हळद टाकली आणि सन्मतीला समोर बसवलं.

"किती वाट्या?"

"चार." सन्मतीने बोटाने मोजल्या. उजव्या टोकापासून चौथ्या वाटीपर्यंत.

त्रिशलाने तिला टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन बसवलं. वाट्यांना हात लावला नाही. "आता?"

"चार." या वेळी दुसऱ्या टोकाच्या चार. मघाशी नसलेल्या तीन वाट्या आता होत्या आणि मघाशी असलेल्या तीन नव्हत्या. यात सन्मतीला काहीही विचित्र वाटलं नाही. ती म्हणाली, "जाऊ खेळायला?"

त्रिशला "जा" म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिला आश्चर्य वाटलं. मग तिला मास्तरांचं डाव्या बाजूचं पथ्य आठवलं आणि तिने पायात चपला घातल्या.

ओतारी मास्तर दोन खोल्यांत राहत. त्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांचा उजवा गाल गुळगुळीत होता आणि डाव्या गालावर महिन्याची पांढरी दाढी. चित्रकाराची लहर म्हणून सोसायटीने ती सोडून दिली होती.

"या, या! सनूची आई ना? बसा. चहा टाकतो."

ती त्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसली. समोर तिपाईवर फळ्याला लावलेलं घागरीचं चित्र होतं. उजवी बाजू सुरेख, तांब्याची चकाकी उतरलेली. डाव्या बाजूला कोरा कागद.

"मास्तर, हे पुरं करायचं राहिलंय?"

"पुरंच आहे की," मास्तर म्हणाले. ते थोडे दुखावल्यासारखे झाले. मग पेपर उचलून म्हणाले, "तुम्ही वाचता का हो पेपर? हल्ली वाक्यं मधूनच सुरू होतात. संपादक तरुण आलेला दिसतोय."

त्रिशला हळूच उठली आणि त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. हात लांब केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता.

मास्तर थोडा वेळ थांबले. रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. उजवीकडे मान वळवली, आणखी वळवली, दारापर्यंत. "गेली वाटतं," ते स्वतःशी म्हणाले. "चहा न घेताच गेली."

ती तिथेच उभी होती. मास्तर एक गाणं गुणगुणत स्वयंपाकघरात गेले, आणि जाताना त्यांचा डावा खांदा चौकटीवर दाणकन आपटला. ते गुणगुणायचे थांबले नाहीत.

"बारीक झटका येऊन गेलाय त्यांना. मेंदूच्या उजव्या भागात," डॉक्टर हुपरीकर दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. मास्तर तोवर वॉर्डात होते आणि उजवीकडच्या नर्सची तेवढी ओळख झाली होती. "साधारण आठव्या आठवड्यात, झोपेत. बोलणं ठीक, चालणं ठीक. एकटा माणूस, निवृत्त. कोण निरखून बघणार?"

"पण डोळे?"

"डोळे उत्तम आहेत. त्यांचे आणि सनूचेही. डावीकडचा उजेड डोळ्यात जातो, मेंदूपर्यंत पोचतो. मेंदू त्याची दखल घेत नाही. अंधार दिसतो असं नाही हं. अंधार दिसला असता तर माणूस तक्रार करतो. यांच्यासाठी डावीकडे काही नसतंच. मास्तरांचे डोळे तिकडे जायचे थांबले, तंतूने मुलांचेही थांबवले. रोज दोन तास, चार आठवडे. सहा वर्षांच्या मेंदूला तेवढं फार झालं."

"आणि जुळणीचे आकडे? अठ्ठ्याण्णव टक्के?"

"बरोबरच होते ते," डॉक्टर म्हणाल्या. "मुलांनी अगदी मास्तरांसारखंच बघितलं."

त्रिशलाने विचारलं, आता काय करायचं? डॉक्टरांनी मृदू आवाजात सांगितलं, आणि या वेळी तिने प्रत्येक शब्द ऐकला. आज चौऱ्याऐंशीवा दिवस. नव्वदाव्याला तंतू पक्का, मग ही नजर कायमची. नवा बघणारा आणून सहा दिवसांत काही पुसणार नाही. उपाय एकच. चकतीला सुटकेचा हुकूम द्यायचा. तंतू सैल पडून आठवड्याभरात विरघळेल. डोळे पुन्हा आत वळतील. पुन्हा तंतू बसवता येणार नाही. पुढे कधी जुन्या पद्धतीने डोळे सरळ करता येतील, दिसण्यापुरते. दोन्ही डोळ्यांनी मिळून बघणं तिला बहुधा कधीच येणार नाही.

"आणि डावी बाजू परत येईल?"

"येईल. बहुधा." डॉक्टरांनी अर्ज पुढे सरकवला. "दोघांच्या सह्या लागतील."

घरी अभिनंदनने अर्ज वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"तू चकणी नव्हतीस, त्रिशला. मी होतो."

"मला माहीत आहे."

"नाही माहीत. वर्गाच्या फोटोत गुरुजी मला मान वळवून उभं करायचे. तुला बघायला आलो तेव्हा तासभर मी मान खाली घालून बसलो होतो. तुझ्या आईला वाटलं मुलगा किती शालीन." तो हसला नाही. "पोरगी शाळेतून हसत येतीय दोन महिने. मी काय सांगू तिला?"

"तिला अर्धं जग नाहीय, अभि."

"डावीकडं एवढं काय बघायचंय म्हणते मी," आजी आतून म्हणाल्या. "मान वळवायला शिकव. उद्या लग्नाला उभी केली की लोक डोळे बघणार. ती काय बघती ते कोण विचारणार आहे?"

ते खरं होतं. त्रिशलाने मोबाईल उचलला आणि बाकीच्या अकरा घरांना बैठकीचा निरोप धाडला.

सभागृहात बारा घरांची बैठक झाली. त्रिशलाने उभं राहून सगळं सांगितलं. ही शिकवणी आपणच लावली, हेही सांगितलं. मग कोळेकर नावाचे पालक म्हणाले, "आमचा पिंट्या डावीकडं बघतो की. परवाच बघितला."

"कशाकडं?"

"ते आठवत नाही."

तंतू बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं होतं. त्यात 'डाव्या बाजूच्या प्रतिसादात अपेक्षित मर्यादेतील घट' असं म्हटलं होतं आणि पुढच्या वर्षी सुधारित आवृत्ती देण्याचा विचार असल्याचं कळवलं होतं. चौगुले वकीलबाईंनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. "विचार आहे म्हणतात ना? मग घाई कशाला? एकदा डोळे आत गेले की गेले." त्यांच्या मांडीवर मुलगा बसला होता. त्याचे डोळे इतके सरळ आणि सुंदर होते, की बोलता बोलता त्यांनी त्याच्या कपाळाची पापी घेतली. डावीकडून घेतली. तो दचकून किंचाळला.

मग कोळेकरांनी सुचवलं की एक समिती नेमावी. समिती नेमली गेली. तिची पहिली बैठक पुढच्या महिन्यात ठरली, म्हणजे नव्वदाव्या दिवसानंतर.

घरी आल्यावर सन्मती म्हणाली, "बाबा, लपाछपी." अभिनंदनने हो म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून वीसपर्यंत मोजू लागली. तो लपलाच नाही. खोलीच्या मधोमध, तिच्या डाव्या हाताला, तीन फुटांवर उभा राहिला.

"वीस!" ती वळली. पलंगाखाली पाहिलं. दारामागे पाहिलं. त्याच्या शर्टाला घासून गेली आणि दचकून थांबली, तिथे काय होतं हे कळेना म्हणून उजवीकडून गोल फिरत राहिली. पहिल्यांदा हसत होती. मग म्हणाली, "बाबा, सांग की." मग म्हणाली, "बाबा, मला भीती वाटतीय."

अभिनंदनने खिशातून अर्ज काढला. पेन कागदावर टेकताना अंदाज चुकला आणि पहिली रेघ टेबलावर उमटली.

सुटका द्यायला दहा मिनिटं लागली. कानशिलाला एक कांडी लावली, ती तीनदा वाजली. पाचव्या दिवशी सन्मतीचा डोळा नाकाकडे सरकला. आजी देवघरात जाऊन बसल्या आणि जेवायलाही उठल्या नाहीत. सातव्या दिवशी काही नाही. नवव्या दिवशी काही नाही. अकराव्या दिवशी त्रिशला तिचे केस विंचरत होती तेव्हा सन्मतीने समोरून तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आई, तुझ्या ह्या कानात पण कुडी आहे?"

त्रिशलाने फणी खाली ठेवली. "आहे की गं. पहिल्यापासून."

"मला वाटलं, एकच घालतीस."

बारापैकी चार घरांनी सुटका घेतली. उरलेल्या आठ मुलांचे तंतू पक्के झाले. त्यांचे फोटो हॉस्पिटलच्या दारावर लागले. आठही चेहरे समोर बघणारे, देखणे.

शाळा सुरूच होती. सुटकेनंतर सन्मती परत गेली त्या पहिल्या दिवशी तिला "चकणी" म्हणून हाक पडली आणि ती त्या आठांपैकीच कुणी मारली होती. त्रिशला त्या दिवशी फाटकाबाहेर उभी होती. साडेबाराला सुटका घेतलेली बाकीची तिघं रिक्षात बसून गेली आणि आठजणं रस्ता ओलांडायला निघाली. आपल्याकडे रस्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात गाडी उजवीकडून येते. आठही जणांनी नीट उजवीकडे पाहिलं, थांबली, शहाण्यासारखी मधल्या पट्ट्यापर्यंत आली. दुसऱ्या अर्ध्या भागात गाडी डावीकडून येते. ती तिथे न थांबता पुढे निघाली, कारण तिकडे काही नव्हतंच. विजेच्या टेम्पोला आवाज नसतो. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक लावला आणि मुलांनी ब्रेकचा आवाज ऐकून उजवीकडे पाहिलं.

त्रिशलाने शाळेला पत्र दिलं, पालकांना फोन केले. शाळेने रस्ता फाटकाबाहेर येत असल्याचं कळवलं. पालकांनी समितीकडे बोट दाखवलं. ती स्वतः साडेबाराला प्रयोगशाळेत असायची. तिने पंधरा दिवसांची रजा काढून मुलांना रस्ता ओलांडून दिला आणि सोळाव्या दिवशी काय करायचं या विचाराने तिची झोप गेली.

पण सोळाव्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत धावत फाटकाशी गेली तेव्हा मुलांची रांग हात धरून उभी होती. डाव्या टोकाला सन्मती होती. एक डोळा नाकाकडे वळलेला, दुसऱ्याने वाकून डावीकडे बघत. "थांबा," ती म्हणाली. नऊजणं थांबली. मिनी बस गेली. "चला."

"कुणी सांगितलं तुला असं करायला?" त्रिशलाने घरी विचारलं.

"कुणी नाही. त्यांना दिसत नाही आणि मला दिसतंय ना." मग तिने दप्तर टाकलं. "मला चकणीच म्हणतात पण. हात धरून म्हणतात."

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सन्मती सकाळी अंथरुणातून उठलीच नाही. अंगात ताप होता, एकशे तीन. त्रिशलाने रजा टाकली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. अभिनंदन औषध आणून देऊन स्कूटरवरून कामाला गेला. आजी शेजारी बसून हळू आवाजात णमोकार मंत्र म्हणत होत्या. अकराच्या सुमाराला ताप थोडा उतरला, सन्मतीला झोप लागली, आणि उशाशी बसल्या बसल्या त्रिशलाचाही डोळा लागला.

कुणीतरी तिचा पदर ओढत होतं. सन्मती उठून बसली होती. गाल लाल, केस चिकटलेले, दोन्ही डोळे आत वळलेले.

"आई, आज डावीकडं कोण आहे?"

त्रिशलाने घड्याळाकडे पाहिलं. बारा चोवीस झाले होते. शाळा साडेबाराला सुटते, आणि घरापासून पायी नऊ मिनिटांवर आहे.